घटस्फोट आणि इंग्लंडची गादी

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी तिसरे चार्ल्स यांच्या मस्तकावर मुकुट ठेवला आणि थोड्याच वेळात त्यांच्या पत्नी कॅमिला यांनाही राणी म्हणून मुकुट घातला. कॅमिला यांचे पहिले लग्न घटस्फोटाने संपले होते आणि त्यांचे पहिले पती हयात होते. चार्ल्स यांचेही पहिले लग्न घटस्फोटानेच संपले होते. त्याआधी ८६ वर्षांपूर्वी, डिसेंबर १९३६ मध्ये, याच गादीवर बसलेल्या आठव्या एडवर्डला एका घटस्फोटितेशी लग्न करायचे म्हणून राज्यावर पाणी सोडावे लागले होते. मधल्या काळात कायदा बदलला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात राजगादीच्या वारसाहक्काच्या कायद्यांत घटस्फोटाविषयी १९३६ साली काहीही लिहिलेले नव्हते आणि २०२३ सालीही नव्हते. घटस्फोटित माणसाने राजा होऊ नये किंवा राजाने घटस्फोटितेशी लग्न करू नये, असे तिथल्या संसदेने कधीच ठरवले नाही. मग ही आडकाठी नेमकी होती कुठे आणि ती गेली कशी, हे पाहायचे असेल तर आधी गादी कोणाकडे जाते याचे नियम समजून घ्यावे लागतात.

ब्रिटनचे संविधान एका ग्रंथात बांधलेले नाही, त्यामुळे वारसाहक्काचे नियमही वेगवेगळ्या काळच्या कायद्यांत विखुरलेले आहेत. त्यांतला मुख्य कायदा १७०१ चा आहे. १६८८ मध्ये दुसरा जेम्स हा कॅथलिक राजा देश सोडून पळाला, त्याची प्रोटेस्टंट मुलगी मेरी आणि जावई विल्यम यांना संसदेने गादीवर बसवले आणि पुढच्याच वर्षी कॅथलिक व्यक्तीला राज्य मिळणार नाही असा कायदा केला. पण या नव्या घराण्याला वारस टिकेना. मेरीची बहीण ॲन हिची मुले एकामागून एक गेली. तेव्हा १७०१ मध्ये संसदेने असे ठरवून टाकले की ॲननंतर राज्य जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याच्या सोफिया या राजस्त्रीला आणि तिच्या पोटच्या प्रोटेस्टंट वंशजांना मिळेल. सोफिया ही पहिल्या जेम्सची नात होती. ती ॲनच्या काही आठवडे आधीच वारली, म्हणून १७१४ मध्ये तिचा मुलगा पहिला जॉर्ज लंडनला आला. रक्ताच्या नात्याने त्याच्यापेक्षा जवळचे पन्नासाहून अधिक लोक तेव्हा हयात होते. ते सगळे कॅथलिक असल्यामुळे वगळले गेले. इंग्लंडची गादी वंशपरंपरेने चालते हे खरे, परंतु कोणता वंश ती चालवणार हे संसद ठरवते, ही गोष्ट तेव्हापासून पक्की झाली.

त्या वंशात क्रम लावायची पद्धत सोपी आहे. झाडाची पहिली फांदी शेंड्यापर्यंत मोजून संपल्याशिवाय दुसऱ्या फांदीला हात लावायचा नाही. थोरले अपत्य, मग त्याची मुले, मग नातवंडे, आणि ती पाती संपली की धाकटे अपत्य. म्हणूनच चार्ल्स यांचे धाकटे पुत्र हॅरी हे जन्मले तेव्हा तिसरे होते आणि थोरल्या भावाला तीन मुले झाल्यावर आज पाचवे आहेत. त्यांनी राजघराण्याची कामे सोडली, अमेरिकेत बिऱ्हाड केले, तरी या क्रमाला त्याचे काही देणेघेणे नाही.

पूर्वी या पद्धतीत एक मोठी मेख होती. भाऊ कितीही धाकटा असला तरी बहिणीच्या पुढे जात असे. राजकन्या ॲन या राणी एलिझाबेथ यांचे दुसरे अपत्य. १९५२ मध्ये आई राणी झाली तेव्हा त्या क्रमात दुसऱ्या होत्या. १९६० मध्ये अँड्र्यू आणि १९६४ मध्ये एडवर्ड यांचा जन्म झाला आणि त्या मागे सरकल्या. पुढे त्या दोघांची मुले आणि नातवंडेही त्यांच्या पुढे गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे, ब्रिटनचा राजा किंवा राणी ज्या देशांचे राष्ट्रप्रमुख असतात त्या सगळ्या देशांच्या पंतप्रधानांनी हा नियम काढून टाकायचे ठरवले. त्यानुसार २०१३ मध्ये कायदा झाला आणि मार्च २०१५ मध्ये तो लागू झाला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या मुलींना आता भाऊ मागे टाकू शकत नाही. हॅरी यांच्या थोरल्या भावाच्या, २०१५ मध्ये जन्मलेल्या कन्या शार्लट यांना याचा पहिला ठळक लाभ मिळाला. २०१८ मध्ये धाकटे भाऊ लुई जन्मले, तरी त्या आपल्या जागी राहिल्या. ॲन मात्र आधी जन्मल्यामुळे जिथल्या तिथेच आहेत.

याच कायद्याने कॅथलिक व्यक्तीशी लग्न केल्यास हक्क जाण्याची जुनी अट काढली, परंतु स्वतः कॅथलिक असलेल्याला राज्य न मिळण्याची अट तशीच ठेवली, कारण राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च अधिपती असतो. औरस असण्याची अटही कायम आहे आणि दत्तक मुलाला या गादीवर हक्क नाही. सातारची गादी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झाली, हे शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला ही शेवटची अट वाचताना थोडे थबकायला होईल; मात्र डलहौसीचे धोरण हे मुलूख गिळण्याचे धोरण होते, आणि ही अट १७०१ च्या कायद्यातल्या ‘पोटचे वंशज’ या कलमातून येते.

राहिला विवाह. १७७१ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या एका भावाने राजाला न विचारता एका विधवेशी लग्न केले. राजाचा इतका संताप झाला की पुढच्याच वर्षी दुसऱ्या जॉर्जच्या जवळजवळ सगळ्या वंशजांच्या लग्नाला राजाची संमती आवश्यक करणारा कायदा झाला. संमतीशिवाय केलेले लग्न थेट रद्दबातल ठरे. २५ वर्षे पूर्ण झालेल्याला एक पळवाट होती: प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाला, सूचना द्यायची, १२ महिने थांबायचे, आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विरोध केला नाही तर लग्न करायचे. २०१३ च्या कायद्याने हेही मोडीत काढले. आता क्रमातल्या पहिल्या सहा जणांनाच संमती लागते. ती न घेता लग्न केले तर ते वैध राहते, फक्त वारसाहक्क जातो.

जन्म, धर्म आणि संमती. कायद्याचा संबंध एवढ्याशीच आहे. घटस्फोट यात कुठेच नाही.

तो येतो तो चर्चच्या दारातून, आणि त्याची कथा आठव्या हेन्रीपासून सांगितली जाते. सहा बायका आणि दोन घटस्फोट, असे त्याच्याविषयी सर्रास म्हटले जाते. कायद्याच्या काटेकोर भाषेत त्याने एकही घटस्फोट घेतला नाही. त्याला जे हवे होते ते म्हणजे पहिले लग्न मुळात झालेच नव्हते, असा निवाडा. कॅथरिन ऑफ ॲरागॉन ही त्याच्या मृत भावाची विधवा होती. पोपने खास परवानगी दिल्यावर १५०९ मध्ये त्यांचे लग्न झाले होते. मुलगा जगला नाही, मेरी ही एकच मुलगी राहिली, आणि ॲन बोलिनवर मन जडलेल्या हेन्रीला भावाच्या विधवेशी लग्न हे पाप असल्याचा साक्षात्कार झाला. पोपकडून निवाडा मिळवायची जबाबदारी कार्डिनल वूल्सी या त्याच्या मुख्य मंत्र्यावर होती. एरवी असे निवाडे राजेलोकांना मिळत असत. पण कॅथरिन ही सम्राट पाचव्या चार्ल्सची मावशी होती आणि १५२७ मध्ये त्याच चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले होते. अशा वेळी पोप त्याच्या मावशीविरुद्ध निकाल कसा देणार? वूल्सी पदावरून गेला. १५३३ मध्ये रोमकडे अपील करण्याचा मार्ग संसदेने बंद केला, नव्या आर्चबिशपने लग्न रद्द ठरवले आणि १५३४ मध्ये राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला.

यातून दोन परिणाम निघाले. लग्न रद्द ठरले की त्यातली मुले अनौरस ठरत. आधी मेरी आणि मग, दुसरी राणी झालेल्या ॲन बोलिनचा शिरच्छेद होण्याच्या सुमारास, तिची मुलगी एलिझाबेथ अशा दोघी क्रमातून बाद झाल्या. नंतर संसदेनेच कायदा करून त्यांना पुन्हा क्रमात घेतले, तेही अनौरसपणाचा शिक्का न पुसता, आणि दोघींनीही पुढे राज्य केले. दुसरा परिणाम अधिक टिकाऊ ठरला. राजाच्या लग्नाच्या खटपटीतून जन्मलेले हे चर्च पुढची साडेचारशे वर्षे घटस्फोटाच्या बाबतीत कमालीचे कडक राहिले. पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न चर्चमध्ये लावायचे नाही, अशी त्याची भूमिका होती, आणि त्याच चर्चचा अधिपती राजा होता. १९३६ च्या पेचाचे मूळ इथे आहे.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये घटस्फोट म्हणजे श्रीमंतांचा खेळ होता. त्यासाठी संसदेत स्वतंत्र खासगी कायदा करवून घ्यावा लागे. १८५७ च्या कायद्याने हे काम न्यायालयाकडे दिले. त्याआधी, १८२० मध्ये, खुद्द राजाने संसदेमार्फत बायकोपासून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला, आणि लोकांचे कुतूहल गादीच्या कारभारात कसे शिरते याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण तेच आहे.

चौथा जॉर्ज युवराज असताना १७८५ मध्ये मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न करून बसला होता. बापाची संमती नव्हती, म्हणून ते १७७२ च्या कायद्याखाली रद्दबातल होते. आणि गंमत अशी की ते वैध असते तर कॅथलिक स्त्रीशी लग्न केल्याबद्दल १७०१ च्या कायद्याने त्याचा गादीवरचा हक्कच गेला असता. पुढे कर्जे फेडण्यासाठी त्याने १७९५ मध्ये कॅरोलाइन ऑफ ब्रन्स्विक या चुलत्याच्या नव्हे तर आत्याच्या मुलीशी रीतसर लग्न केले. मुलगी झाली, आणि नवराबायको वेगळे झाले. कॅरोलाइन युरोपात हिंडत राहिली. १८२० मध्ये तो राजा झाल्याबरोबर राणीपदाचा मान मागायला ती लंडनला परतली. राजाने मंत्र्यांकडून तिचा मान काढून घेणारे आणि लग्न मोडणारे विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहात आणवले. तिच्या पदरच्या पेर्गामी नावाच्या इटालियन माणसाशी तिचे संबंध होते, असा आरोप होता.

मग जे झाले ते राजाच्या कल्पनेत नव्हते. आठवडेच्या आठवडे नोकरचाकरांच्या साक्षी चालल्या. कोण कोणत्या तंबूत झोपले होते, कोणाच्या बिछान्यावर काय दिसले, हे सगळे वर्तमानपत्रांत शब्दशः छापून येऊ लागले. एका इटालियन नोकराने उलटतपासणीत दर प्रश्नाला ‘नॉन मी रिकोर्दो’, म्हणजे आठवत नाही, असे म्हणायचा सपाटा लावला, तर ते शब्द लंडनभर थट्टेत रुळले. राजाच्या स्वतःच्या भानगडी जगजाहीर होत्या, त्यामुळे लोक राणीच्या बाजूने रस्त्यावर उतरले. तिच्या बाजूने अर्जांवर हजारो बायकांच्या सह्या झाल्या. शेवटच्या वाचनाला विधेयकाच्या बाजूने फक्त ९ मते अधिक पडली आणि पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूल यांनी ते मागे घेतले. राजाला घटस्फोट मिळाला नाही. जुलै १८२१ च्या राज्याभिषेकाला कॅरोलाइन वेस्टमिन्स्टर ॲबीच्या एका दारावरून दुसऱ्या दारावर गेली आणि प्रत्येक दार तिच्या तोंडावर बंद झाले. बंदोबस्ताला राजाने मुष्टियोद्धे उभे केले होते. तीन आठवड्यांनी ती वारली. या प्रकरणात न्याय कोणाला मिळाला हे सांगणे कठीण आहे. पण राजाच्या संसारावर मत द्यायचा हक्क आपल्याला आहे, असे लोकांना तेव्हापासून वाटू लागले.

आता १९३६. जानेवारीत पाचवा जॉर्ज वारला आणि थोरला मुलगा आठवा एडवर्ड म्हणून राजा झाला. हा एडवर्ड महाराष्ट्राला अनोळखी नव्हता: युवराज म्हणून नोव्हेंबर १९२१ मध्ये तो मुंबईत उतरला तेव्हा बहिष्कार आणि दंगल झाली होती, आणि दोनच दिवसांनी पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला त्याच्याच हस्ते बसली होती. वॉलिस सिम्प्सन ही अमेरिकन स्त्री त्याला हवी होती. तिचा पहिला घटस्फोट १९२७ मध्ये झाला होता आणि दुसऱ्याचा दावा चालू होता. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात घटस्फोटाला जवळजवळ एकच कारण चाले, ते म्हणजे व्यभिचार. म्हणून रीत अशी पडली होती की सभ्य नवऱ्याने एखाद्या हॉटेलात परक्या बाईबरोबर रात्र काढावी, नोकरांनी सकाळी चहा नेताना ते पाहावे आणि कोर्टात सांगावे. वॉलिसचे दुसरे पती अर्नेस्ट सिम्प्सन यांनीही हेच केले. लंडनमध्ये बोभाटा नको म्हणून दावा इप्सविच या गावी लावला गेला आणि २७ ऑक्टोबरला अर्ध्या तासाच्या आत निकाल लागला. इप्सविच हे वूल्सीचे जन्मगाव. एका राजाचे लग्न मोडता न आल्यामुळे ज्याचे पद गेले, त्याच्या गावात दुसऱ्या राजाच्या लग्नाची वाट मोकळी होत होती; अमेरिकन वर्तमानपत्रांच्या नजरेतून हे सुटले नाही.

ब्रिटिश वर्तमानपत्रांनी मात्र तोंडावर बोट ठेवले होते. मालक मंडळींनी आपसांत ठरवून राजाच्या प्रेमप्रकरणाची एक ओळ छापली नाही, आणि अमेरिकेतून येणाऱ्या साप्ताहिकांतली संबंधित पाने कापून ती विकली जात होती. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डच्या बिशपांनी एका भाषणात राजाच्या धर्मनिष्ठेविषयी काळजी व्यक्त केली, तिचा रोख लग्नाकडे आहे असे समजून बांध फुटला, आणि दहा दिवसांत सगळे आटोपले.

पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांच्यापुढे तीन वाटा होत्या. वॉलिस राणी होईल, ही पहिली. लग्न होईल पण ती राणी होणार नाही आणि तिच्या मुलांना हक्क राहणार नाही, ही दुसरी. तिच्यासाठी नवा कायदा लागला असता. पदत्याग, ही तिसरी. राजाला लग्नापासून रोखणारा कायदा नव्हता. १७७२ चा संमतीचा कायदा राजाला लागू होत नसे, कारण संमती देणारा तोच. अडचण अशी होती की घटनात्मक राजाने मंत्र्यांच्या सल्ल्याने वागायचे असते. त्याने सल्ला धुडकावला तर सरकार राजीनामा देईल, निवडणूक होईल आणि ती राजाच्या लग्नावर लढली जाईल. शिवाय १९३१ च्या कायद्यानुसार कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या डोमिनियनांचेही, म्हणजे साम्राज्यातल्या स्वायत्त देशांचेही, मत विचारात घ्यावे लागत होते आणि त्यांच्याकडून पहिल्या दोन्ही वाटांना पाठबळ मिळाले नाही. भारत डोमिनियन नव्हता. आपला सम्राट कोण असावा याविषयी त्याचे मत चालण्याचा प्रश्नच नव्हता.

१० डिसेंबरला एडवर्डने तीन भावांच्या साक्षीने पदत्यागाच्या कागदावर सही केली आणि ११ तारखेला संसदेने कायदा केला. राजाने नुसते ‘सोडतो’ म्हणून भागत नाही. गादी संसदेच्या कायद्याने आलेली असते, म्हणून ती सोडायलाही कायदा लागतो. त्या कायद्याने एडवर्डला आणि त्याला पुढे मुले झालीच तर त्यांनाही क्रमातून काढले. दक्षिण आफ्रिकेने पदत्याग १० तारखेपासून धरला, ब्रिटनने ११ पासून आणि आयर्लंडने १२ पासून. म्हणजे एकाच गादीवर दोन दिवस वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे राजे होते. एडवर्ड आणि वॉलिस यांना मूल झाले नाही. तो १९७२ मध्ये वारला. समजा तो राजा राहिला असता, तरी गादी अखेर पुतणीकडेच, म्हणजे एलिझाबेथ यांच्याकडेच आली असती, फक्त वीस वर्षे उशिरा. एवढ्या गदारोळाने वारसाक्रमात प्रत्यक्ष फरक पडला तो एवढाच. भीती मात्र पुढच्या दोन पिढ्यांना पुरली.

तिची पहिली किंमत राणीच्या बहिणीने मोजली. मार्गारेट यांना ग्रुप कॅप्टन पीटर टाउनसेंड या घटस्फोटित अधिकाऱ्याशी लग्न करायचे होते. ऑगस्ट १९५५ मध्ये त्यांना २५ वर्षे पूर्ण झाली, तरी ३१ ऑक्टोबरला त्यांनी हे लग्न करणार नसल्याचे जाहीर केले आणि त्यात चर्चच्या शिकवणुकीचा उल्लेख केला. त्या वेळचे पंतप्रधान अँथनी ईडन स्वतः घटस्फोट घेऊन पुनर्विवाह केलेले होते. २००४ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून तर असे दिसले की वारसाहक्क सोडल्यास मार्गारेट यांना पदवी आणि सरकारी तनखा ठेवून लग्न करू देण्याचा तोडगा सरकारने तयार केला होता. पुढे १९६० मध्ये त्यांनी छायाचित्रकार अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स यांच्याशी लग्न केले आणि १९७८ मध्ये तेच घटस्फोटाने संपले.

१९९२ मध्ये राणीच्या तीन मुलांचे संसार एकाच वर्षात विस्कटले. ॲन यांचा घटस्फोट एप्रिलमध्ये झाला आणि डिसेंबरमध्ये त्यांनी दुसरे लग्न केले, तेही चर्चमध्येच. त्यासाठी त्या स्कॉटलंडला गेल्या. तिथले चर्च वेगळे आहे, ते घटस्फोटितांचे लग्न लावते, आणि राजा किंवा राणी त्या चर्चचे अधिपती नसतात. सीमा ओलांडली की अडचण संपते, हे त्या छोट्या लग्नाने दाखवले. फारसा गाजावाजा मात्र झाला नाही.

गाजावाजा चार्ल्स आणि डायना यांचा होता. १९८१ चे त्यांचे लग्न जगभरातल्या सुमारे ७५ कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, असा अंदाज दिला जातो. ९ डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी ते विभक्त होत असल्याचे संसदेत सांगितले. वारसाक्रमावर याचा परिणाम होत नाही आणि डायना यथावकाश राणी होऊ शकतील, असेही ते म्हणाले. कायद्याने ते बरोबर होते. विभक्त पत्नी ही पत्नीच असते आणि राजाची पत्नी राणी असते. नोव्हेंबर १९९५ मध्ये डायना यांची बीबीसीवरची मुलाखत झाली (ती मिळवताना पत्रकाराने फसवणूक केल्याचे २०२१ च्या चौकशीत सिद्ध झाले) आणि त्यानंतर राणीने दोघांना पत्र लिहून लवकर घटस्फोट घ्यावा असे सुचवले. २८ ऑगस्ट १९९६ रोजी तो झाला. डायना यांचा ‘हर रॉयल हायनेस’ हा मान गेला. वारसाक्रमात त्यांना स्वतःचे स्थान कधीच नव्हते, कारण सुनांना आणि जावयांना ते नसते. मुलांचे स्थान आईबापांच्या घटस्फोटाने हलले नाही.

वर्षभराने पॅरिसमध्ये अपघातात त्या गेल्या आणि लोकांची नजर काय करू शकते हे पुन्हा दिसले. बकिंगहॅम राजवाड्यावर फक्त राजध्वज लावायचा, तोही राणी तिथे असेल तेव्हाच, आणि तो कधीही अर्ध्यावर उतरवायचा नाही, असा रिवाज होता. राणी स्कॉटलंडमध्ये बालमोरलला होत्या, म्हणून काठी रिकामी होती. फुले घेऊन आलेल्या लोकांना रिवाज ठाऊक नव्हता. त्यांना मोकळी काठी दिसत होती, आणि वर्तमानपत्रांनी तिलाच धरले. आठवड्याच्या आत राणी लंडनला आल्या, थेट प्रक्षेपणात बोलल्या, आणि अंत्ययात्रेच्या दिवशी राजवाड्यावर युनियन जॅक अर्ध्यावर आला. तेव्हापासून राजा तिथे नसताना तो ध्वज लावण्याची पद्धतच पडली. कोणताही ठराव न होता एक राजरिवाज सहा दिवसांत बदलला.

हे कुतूहल फुकटचे नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. राजघराण्याचा अधिकृत खर्च सरकारी तिजोरीतून होतो, आणि प्रत्यक्ष सत्ता नसलेल्या राजाचे टिकणे लोकांच्या राजीखुशीवर अवलंबून असते. राजवाड्याने लग्ने, बारशी आणि राज्याभिषेक कॅमेऱ्यासमोर मांडले ते याच हिशेबाने. मग भांडणे तेवढी पडद्याआड ठेवा, असे प्रेक्षकाला सांगता येत नाही. याचा अर्थ तोंडावर लेन्स रोखून पाठलाग करणाऱ्या छायाचित्रकारांची बाजू घ्यावी असा नाही. पण राजघराणे आणि वर्तमानपत्रे यांच्यात एक बाजू निव्वळ बळी आणि दुसरी निव्वळ शिकारी होती, हे चित्र मला पटत नाही.

लोकमत आणखी हळूहळूही बदलत होते. मंत्री, न्यायाधीश, शेजारी, सगळ्यांच्या घरी घटस्फोट होऊ लागले. २००२ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या सभेने पहिला जोडीदार हयात असतानाही अपवादात्मक परिस्थितीत चर्चमध्ये पुनर्विवाह लावायला मुभा दिली. चार्ल्स आणि कॅमिला यांनी तरीही ती वाट धरली नाही. त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवले, आणि तिथे वेगळाच पेच निघाला. इंग्लंडमध्ये नोंदणी विवाह सुरू करणाऱ्या १८३६ च्या कायद्यातून राजघराणे वगळलेले होते, म्हणून हे लग्न वैधच होणार नाही असे काही कायदेपंडित म्हणू लागले. १९४९ च्या कायद्याने आणि मानवी हक्कांच्या कायद्याने ती अडचण उरत नाही, असे निवेदन लॉर्ड चॅन्सेलर या सरकारातल्या कायदेविषयक मंत्र्यांना करावे लागले. लग्न विंडसरच्या किल्ल्यात होणार होते. त्यासाठी परवाना घेतला तर पुढची तीन वर्षे कोणत्याही सामान्य जोडप्याला तिथे लग्न करायचा हक्क मिळेल, हे लक्षात आल्यावर जागा बदलून गावातले नगरभवन ठरले. मग तारीखही पोपच्या अंत्यविधीमुळे एक दिवस पुढे गेली. ९ एप्रिल २००५ रोजी नगरभवनात लग्न लागले तेव्हा चर्चच्या अधिपती असलेल्या राणी तिथे नव्हत्या. नंतर सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये आर्चबिशपांनी आशीर्वादाची प्रार्थना घेतली तिला त्या आल्या. त्या प्रार्थनेत वधूवरांनी १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातली पापकबुली मोठ्याने म्हटली. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी दोघांना या लग्नाचे निमंत्रण होते. २००३ मध्ये चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटले होते, त्याची ही ओळख. इथल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या विमानप्रवासाला आणि त्यांनी नेलेल्या आहेराला दिलेली जागा पाहता, इंग्लंडच्या सोयरिकीत आपल्यालाही रस नाही असे कोणी म्हणू नये.

डायना यांची आठवण ताजी असल्यामुळे तेव्हा असे जाहीर झाले होते की चार्ल्स राजे झाले तरी कॅमिला राणी न म्हणवता ‘प्रिन्सेस कॉन्सॉर्ट’ म्हणवतील. कायद्याच्या दृष्टीने हे निव्वळ लोकांची समजूत काढणे होते, कारण राजाची बायको आपोआप राणी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एलिझाबेथ यांनीच कॅमिला यांना राणी म्हटले जावे अशी इच्छा व्यक्त केली. त्याच्या चार वर्षे आधी हॅरी यांनी मेगन मार्कल या घटस्फोटित अमेरिकन अभिनेत्रीशी सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये चर्चच्या विधीने लग्न केले होते. हॅरी तेव्हा क्रमात सहावे, म्हणजे संमती लागणाऱ्यांतले शेवटचे, आणि राणीने ती दिली. घटस्फोटावरून फारसे कोणी बोललेही नाही.

आता वादाचे ठिकाण बदलले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजे चार्ल्स यांनी भाऊ अँड्र्यू यांच्या राजपुत्रपदासह सगळ्या पदव्या काढून घेण्याचे पाऊल उचलले, आणि ‘मग आता ते वारसाक्रमात कसे?’ हा प्रश्न बहुतेकांनी विचारला. पदवी हा राजाच्या अधिकारातला विषय आहे, ती राजाज्ञेने देता येते आणि काढताही येते. वारसाक्रमातले स्थान संसदेच्या कायद्याने येते, त्यामुळे त्या घोषणेने अँड्र्यू यांचे आठवे स्थान हलले नाही. ते हलवायचे तर ब्रिटिश संसदेला कायदा करावा लागतो आणि तोच राजा मानणाऱ्या बाकीच्या चौदा देशांशी बोलणी करावी लागतात. २०११ मध्ये पर्थला ठरलेला, कोणाचाच विरोध नसलेला बदल अमलात यायला साडेतीन वर्षे लागली होती.